गुहागरच्या वाळूवर पॅरामोटर : शिकायला जावं का?

जावं, पण लगेच उडायची घाई असेल तर नको. पॅरामोटर म्हणजे पाठीवर पंख्याचं इंजिन बांधून पॅराशूटसारख्या कापडी पंखाखाली उडायचं. इथले सर आधी इंजिनाला हातच लावू देत नाहीत. वाळूवर नुसती विंग, म्हणजे तो कापडी पंख, डोक्यावर तोलून धरायची, पडली की दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, परत उचलायची. वैताग येतो. पण पंचवीसेक किलोचं धूड पाठीवर घेऊन धावायची वेळ येते तेव्हा त्या सरावाचं मोल कळतं.

वारा मात्र झकास शिकवतात. पहाटेचा मतलई वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे ढकलतो, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी वाळू गाठता येईल एवढ्याच अंतरात राहायचं. पाण्यात पडलात तर तेच इंजिन खाली ओढतं. दुपारी सुरूचे शेंडे जोरात हलायला लागले की आवराआवर, गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

परवानगीचं विचारलं तर सरांनी डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम काढले, नकाशावर रत्नागिरीचा तटरक्षक दलाचा विमानतळ दाखवला. दुसऱ्या एका किनाऱ्यावर "इथं कोण बघतंय?" असं उत्तर मिळालं होतं. चहा पिऊन निघालो तिथून.

फी घसघशीत आहे. हार्नेसचे, म्हणजे अंगाला बांधायच्या साजाचे, पट्टे खाऱ्या हवेने कडक झालेत, तेवढे बदला बुवा.