मोटर नसलेलं इंजिन घेतलं, त्याची गोष्ट

खोक्यावर 'डमी' असं ठळक छापलेलं असूनही रेल्वे इंजिनाचं हे मॉडेल घेतलं, म्हणून घरात माझी अजून चेष्टा होते. आत मोटर नाही, गिअर नाही. बोटाने ढकललं की सुळकन पळतं, बस. १:८७ प्रमाणातलं सहा अॅक्सलचं डिझेल, माझ्या चालत्या इंजिनाचं जुळं भावंडच. तीन महिने वापरून झालं, म्हणून लिहितोय.

"ओढत नाही ते इंजिन गाडीला लावायचं कशाला?" हे मला सगळेच विचारतात. अहो, खऱ्या मालगाड्याही तेच करतात. माल एका दिशेला जास्त गेला की इंजिनं तिकडे साचतात. ती एकेकटी परत आणायची तर प्रत्येकाला वेगळा ड्रायव्हर हवा, शिवाय आधीच गजबजलेल्या मार्गावर त्याच्यासाठी जागा काढावी लागते. त्यापेक्षा निघालेल्या गाडीला जोडून दिलं की काम झालं. कधी ते बिघडून वर्कशॉपला निघालेलं असतं. कधी पुढच्या चढासाठी सोबत असतं आणि सपाटीवर डिझेल वाचावं म्हणून त्याला कामातून वगळलेलं असतं. बरं, धूर दिसला म्हणजे ते ओढतंय असंही नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत थंड करायला साधं पाणीच असतं, ते गोठू नये म्हणून कडाक्याच्या थंडीत इंजिन नुसतं चालू ठेवतात.

आता या मॉडेलबद्दल. रंगकाम झकास, पुढच्या ब्रेक पाइपच्या नळ्या तर भिंगातून बघाव्यात अशा. (त्या हव्यातच. बंद इंजिनालाही गाडीबरोबर थांबावं लागतं.) पण वजनात कंपनीने फार हात आखडता घेतलाय. पहिल्याच दिवशी चालत्या इंजिनामागे हे आणि त्यामागे चौदा वाघिणी (मालडबे) लावल्या. वळणावर मागच्या ओझ्याच्या ताणाने हे आतल्या बाजूला खेचलं गेलं आणि आडवं झालं. दोनदा. शेवटी छत उघडून आत साठ ग्रॅम शिसं चिकटवलं, तेव्हा रुळावर बसलं. पण मग चढावर पुढच्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, दोन वाघिणी काढाव्या लागल्या. खऱ्या गाडीतही मेलेलं इंजिन ओझ्यातच मोजतात, आणि तिथे त्याचं वजन शंभर टनांच्या वर सहज असतं. त्यामुळे मी तक्रार केली नाही.

दिव्याची मात्र केली. रुळात वीज आली की याचा हेडलाइट आपोआप लागतो. गाडीच्या मधोमध, मागे तोंड करून, भगभगीत! एक वायर कापली, प्रश्न मिटला.

तुमच्याकडे एकच इंजिन असेल तर हे घेऊ नका, आधी दुसरं मोटरचं घ्या. आणि जळक्या मोटरचं एखादं पडून असेल तर तेही तसंच मागे जोडू नका. वर्म गिअरमुळे (मोटरची फिरकी चाकांना देणारा स्क्रूसारखा गिअर) त्याची चाकं जाम असतात, नांगरासारखं घासत येईल. आतला वर्म काढून टाका, चाकं मोकळी होतील. तेच तुमचं डमी, हे विकत घ्यायची गरजच नाही.