एबेरॉन: सांगलीच्या टेबलावर रुजलेलं जग

‘एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’ हे एका काल्पनिक जगाचं पुस्तक घ्यावं का, असं विश्रामबागेत आमच्याकडे रविवारी डी अँड डी (‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळायला येणारी बहुतेक नवी मंडळी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, पण पहिलं पुस्तक म्हणून नको.

पहिलं म्हणून स्टार्टर सेटच बरा. २०१४च्या सेटमध्ये ३२ पानी नियम, ६४ पानी साहस म्हणजे खेळायची तयार गोष्ट, पाच तयार कॅरेक्टर आणि सहा फासे होते. संध्याकाळी खोका उघडला की जेवणाआधी गॉब्लिनांनी रस्ता अडवलेला असायचा. ते साहस घडतं फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात, आणि हे जग सगळ्यांच्या पुढे का, याचं निम्मं उत्तर त्या खोक्यातच आहे. उरलेलं उत्तर जुनं आहे. कॅनडाच्या एड ग्रीनवुडने लहानपणी आपल्या गोष्टींसाठी हे जग रचलं, डी अँड डी छापणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८७ साली ते बाजारात आणलं, त्यावर कादंबऱ्यांची रांग लागली, १९९८मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा कॉम्प्युटर गेम आला आणि २०२३मध्ये त्याचा तिसरा भाग. आमच्याकडची कॉलेजची मुलं या तिसऱ्या भागातूनच आली. फासा हातात धरायच्या आधीच त्यांना या जगातल्या सोर्ड कोस्ट किनाऱ्यावरची गावं तोंडपाठ होती.

दुसरीही जगं आहेत. ग्रेहॉक खुद्द गॅरी गायगॅक्सचं, म्हणजे खेळाच्या एका जन्मदात्याचं, १९८०मध्ये छापलेलं. ड्रॅगनलान्स १९८४चं. डार्क सन आणि प्लेनस्केप नव्वदच्या दशकातली. प्रत्येकाचे चाहते जीव टाकणारे आहेत, पण नव्या माणसाच्या हाती आधी जे पडतं तेच वाढत जातं. पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ खेळणाऱ्यांसाठी ते गोलारियन असतं, ‘क्रिटिकल रोल’ हा डी अँड डी खेळून दाखवणारा कार्यक्रम बघून आलेल्यांसाठी एक्झँड्रिया. म्हणून एखादं जग किती लोक खेळतात यावरून ते आपल्या टेबलावर किती टिकेल हे कळत नाही. आमच्याकडे एबेरॉन टिकलं.

२००२ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे टीएसआरनंतर डी अँड डी छापणाऱ्या कंपनीने, नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली होती. ११ हजारांहून जास्त प्रस्ताव आले, त्यातून कीथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालं. मी ज्याबद्दल लिहितेय ते खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठीचं ३२० पानी पुस्तक नोव्हेंबर २०१९चं आहे. त्यात बेकरसोबत जेरेमी क्रॉफर्ड आणि जेम्स वायट आहेत.

या जगाचा पाया राजकारणाचा आहे. गॅलिफारचा राजा वारतो, गादीवर हक्क थोरल्या लेकीचा, पण तीन भावंडं तो मानत नाहीत आणि खोरवेअर खंड शंभराहून जास्त वर्षं युद्धात जळतो. शेवटी थ्रोनहोल्डचा तह होतो. खेळ सुरू होतो तो तहानंतर दोनच वर्षांनी, सगळे दमलेले असताना. हे सांगितलं तेव्हा आमच्यातला हरिपूरचा मुलगा लगेच म्हणाला, “ताई, म्हणजे साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी.” १७०७मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराराणींनी त्यांचा हक्क मानला नाही, आणि १७३१च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांची हद्द ठरली. तीच वारणा त्याच्या गावापाशी कृष्णेला मिळते. तह झाला तरी सीमेवरच्या एखाद्या किल्ल्यात जुन्या धन्याचा माणूस अजून बसला असेल का, हे त्याने आपणहून विचारलं. त्या एका किल्ल्यावर आमचे कितीतरी रविवार गेले. रेल्म्समध्ये त्याच मुलाने कधी सरदाराचं नावसुद्धा लक्षात ठेवलं नव्हतं.

ड्रॅगनमार्कवाल्या घराण्यांचंही तसंच. अंगावरच्या जादूच्या खुणेबरोबर एकेक धंदा एकेका घराण्याकडे आलाय. वस्तू घडवणं कॅनिथकडे, विजेवर धावणारी रेल्वे ओरियनकडे, दवाखाने जोरास्कोकडे. मिरजेत सतारी घडवणाऱ्या घरात वाढलेला आमचा एक गडी कॅनिथचा आर्टिफिसर, म्हणजे जादूच्या वस्तू घडवणारा, आहे. आर्टिफिसर हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, या पुस्तकात पूर्ण नियमांसह मिळतो. घरातलं कसब बाहेरच्याला शिकवावं का, यावर तो टेबलावर ज्या तळमळीने भांडतो ती कुठल्याही पुस्तकात लिहून देता येत नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर असलेला मित्र वॉरफोर्ज्ड खेळतो. वॉरफोर्ज्ड म्हणजे लढण्यासाठीच घडवलेले लाकूड-धातूचे सैनिक. तहाने त्यांना स्वतंत्र माणसांचा दर्जा दिला आणि त्यांना घडवणाऱ्या भट्ट्या बंद करायला लावल्या. पहिल्याच प्रसंगात त्याने तलवार उपसली नाही, शार्न शहरातल्या एका गोदामात जाऊन काम मागितलं. मालकाने नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या गोदामात गेला. खेळ चालवणारी (डीएम) म्हणून मी ठरवलेली चोरी त्या संध्याकाळी बाजूलाच राहिली आणि ते फार बरं झालं.

सायर नावाचा अख्खा देश एका दिवसात नष्ट झाला, आणि त्यातून वाचलेले लोक शार्नच्या हाय वॉल्स भागात राहतात. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, तिथे पोचली तेव्हा टेबलावरच्या गप्पा थांबल्या. आमच्यातले दोघे सांगलीच्या गावभागातले. ऑगस्ट २०१९च्या पुरात घर सोडून निघाले होते. त्यांनी मला विचारलं, या लोकांनी निघताना बरोबर काय घेतलं? पुस्तकात याचं उत्तर नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ते रचलं: कुणी जमिनीचे कागद, कुणी देव, कुणी नुसतं पोर. फरगॉटन रेल्म्समध्येही शहरं उद्ध्वस्त होतात, पण तिथे एखादा देव किंवा थोर जादूगार धावून येईल अशी आशा असते. एबेरॉनमध्ये देव आहेत की नाहीत हेच कुणाला ठाऊक नाही आणि मोठ्या पातळीचे जादूगार दुर्मिळ आहेत. त्यामुळे खेळाडूंनाच काहीतरी करावं लागतं.

‘ग्रूप पेट्रन’ ही या पुस्तकातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. पार्टी कुणासाठी काम करते हे आधी ठरवायचं: गुप्तहेर खातं, विद्यापीठ, गुन्हेगारी टोळी, वर्तमानपत्र. आम्ही वर्तमानपत्र घेतलं. खानावळीत पाच अनोळखी माणसं एकत्र का बसली, ही प्रत्येक कॅम्पेनची (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीची) जुनी अडचण त्याने सुटली. आमची नाटकवेडी मैत्रीण रूप बदलणारी चेंजलिंग बातमीदार झाली आणि प्रत्येक मुलाखतीला वेगळ्या चेहऱ्याने गेली.

आता उणिवा. शार्नवर मजल्यामजल्याने लिहिलंय, पण प्रत्येक देशाच्या वाट्याला फार थोडी पानं आली आहेत. झेनड्रिक, सार्लोना हे दूरचे खंड तर ओझरतेच भेटतात. पुस्तकातलं तयार साहस छोटं आहे, ते संपलं की सगळा भार डीएमवर. आणि नावांचा मारा इतका की नव्या खेळाडूला ३२० पानं वाचायला देणं हा अन्याय आहे. मी पाच देश आणि तह एवढंच मराठीत एका पानावर लिहून त्याच्या झेरॉक्स वाटल्या. पुरल्या. नियमांचे शब्द इंग्रजी आणि बोलणं मराठी, असंच आमचं चालतं.

किंमत कमी नाही, म्हणून प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. एका टेबलाला एक प्रत, तीही डीएमकडे. चौघांनी वर्गणी काढली तर भडंगाच्या खर्चाबरोबर निघून जाते. आधी शार्नचं प्रकरण वाचा, मग पेट्रनचं, बाकीचं लागेल तसं. सायर कशामुळे नष्ट झालं हे पुस्तक मुद्दाम सांगत नाही, ते ठरवायचं काम तुमच्यावर सोडलंय. मी माझ्यापुरतं ठरवलंय, पण आमची मंडळी हे वाचणार आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.