घरच्या सरावाला रिकर्व्ह की कंपाउंड?

तिरंदाजीची ही दोन्ही धनुष्यं मी घरी वापरून पाहिलीत. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, कंपाउंड म्हणजे टोकांना कॅम, म्हणजे फिरत्या चकत्या, असलेलं. आधी वर्षभर कंपाउंड, मग रिकर्व्ह.

कंपाउंडची बाजू लंगडी नाही. 50 पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं की 80 टक्के लेट-ऑफमुळे, म्हणजे कॅम शेवटी ताण हलका करतात त्यामुळे, हातात जेमतेम 10 पौंड उरतात. नेम धरायला सवड मिळते आणि थोड्याच दिवसांत बाण एकमेकांना खेटून बसू लागतात. रिकर्व्हमध्ये हा आनंद उशिरा मिळतो. तिथे 22 पौंड म्हणजे 22 पौंड, बाण सुटेपर्यंत पाठीवर आणि खांद्यावर.

पण घरी आपण करतो काय? चार-पाच मीटरवर फोमचा ठोकळा, त्यावर कागदही नाही, सगळं लक्ष ताणण्याकडे आणि सोडण्याकडे. त्यात कितीदा तरी ताणलेली दोरी तशीच परत आणावी लागते. कोपर खाली गेलं, कुणी हाक मारली, दार वाजलं. रिकर्व्हवर ताण जसा चढला तसाच उतरतो. कंपाउंडवर मात्र लेट-ऑफची हद्द ओलांडली की कॅम हात एकदम पुढे खेचतो.

एका संध्याकाळी मी बाण न लावता नुसतं ताणून बघत होतो. दोरी परत आणताना तोच हिसका बसला, बोट रिलीजच्या (दोरी धरून सोडणाऱ्या, हातातल्या साधनाच्या) ट्रिगरला लागलं आणि दोरी रिकामी सुटली. खोलीभर कडाड आवाज. पाहतो तर दोरी वरच्या कॅमच्या खाचेतून निघालेली, केबल तिरकी. धनुष्याचे लिम्ब, म्हणजे वाकणारे दोन हात, दाबून धरणाऱ्या बो-प्रेस या यंत्राशिवाय ती नीट चढवता येत नाही, आणि बो-प्रेस घरात कोण ठेवतं? लिम्बला तडा नाही ना हे तपासून, दोरी बदलून धनुष्य हातात यायला तीन आठवडे गेले. रिकामी दोरी रिकर्व्हवरही सोडायची नसते, त्याचेही लिम्ब फुटू शकतात. पण तिथे दोरी आपल्या तीन बोटांत असते, ट्रिगरच्या भरवशावर नाही.

रिकर्व्हची दोरी मीच चढवतो. स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीची मदतीची दोरी, दोन्ही टोकांना अडकवायचा, त्याच्या दोरीवर पाय देऊन रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, वर उचलायचं, लिम्ब वाकला की फास सरकवत खाचेत बसवायचा. मिनिटभराचं काम. ताकद वाढली की रायझर तेच राहतं, लिम्ब तेवढे बदलायचे. लिम्बवरचे पौंड 28 इंचांच्या ताणाचे असतात, इंचभर फरकाने साधारण दोन पौंड कमी-जास्त होतात. माझ्या मते मोठ्या माणसानेही 18 ते 22च्या पुढे सुरुवात करू नये.

जवळ मैदान आहे, बो-प्रेस असलेला जाणता माणूस हाताशी आहे, तर कंपाउंड जरूर घ्या. 2028च्या ऑलिंपिकमध्ये त्याचा मिश्र सांघिक प्रकारही येतोय. माझं कंपाउंड मी ठेवलंय, पण ते आता फक्त मैदानावर नेतो.