पिरान्हाची पिल्लं, महागडा टांगता फिल्टर आणि साधा स्पंज: काही महिने वापरल्यानंतरचं मत

टांगायचा फिल्टर पुन्हा बंद पडला आणि दुरुस्ती केंद्राने पुन्हा तेच उत्तर दिलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्याकडे लाल पोटाच्या पिरान्हाची सहा पिल्लं आहेत. आणली तेव्हा जेमतेम नाण्याएवढी होती, चंदेरी अंगावर काळे ठिपके आणि लाल रंगाचा पत्ता नाही. आता पोटाखाली केशरी झाक आली आहे आणि खालचा जबडा पुढे आलेला लांबूनही दिसतो. या सगळ्या काळात टँक तोच, हीटर तोच, मासेही तेच. बदलला तो फक्त फिल्टर. त्यामुळे फरक कशाने पडला याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आधी टांगत्या फिल्टरबद्दल. काचेच्या कडेला अडकवायचा, नळीने पाणी वर ओढून धबधब्यासारखं परत सोडणारा, सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार आहे. लिटर, वॉट वगैरे खोक्यावर असतंच, त्यात शिरत नाही. दिसायला चांगला, आवाज कमी, बसवायला दोन मिनिटं. पण माझ्या मॉडेलमध्ये वीज गेली की डब्यातलं पाणी खाली उतरतं आणि वीज आल्यावर मोटर कोरडीच फिरत राहते. घरात कुणी असेल आणि वरून मगभर पाणी ओतेल तरच गाडी सुरू होते. कोरड्या फिरण्याने मोटर गेली. केंद्रावर नेल्यावर माणूस म्हणाला, "मॅडम, इम्पेलरमध्ये, म्हणजे मोटरच्या पंख्यात, खाण्याचे कण अडकलेत. हा वापराचा दोष, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, "अहो, खाण्याचे कण पकडायलाच तर फिल्टर घेतात ना?" तर म्हणे, "तसं नसतं मॅडम, तुमचे मासे मांस खाणारे आहेत." खोक्यावर, माहितीपत्रकात, वॉरंटी कार्डावर कुठेही मांसाहारी माशांसाठी नाही असं लिहिलेलं नाही. तेही दाखवलं. उपयोग झाला नाही.

तरी मोटर जळणं मी एक वेळ सोडून देईन. मला खरा राग आहे तो कार्ट्रिजचा. प्लॅस्टिकच्या चौकटीवर कापसासारखा पातळ थर चिकटवलेला, आत चिमूटभर कोळसा, आणि सूचना काय, तर दर महिन्याला काढून टाका आणि नवी घाला. जो फिल्टर विकत घेतानाच खिसा हलका करतो, तो पुढे कायमचा हप्ता लावून ठेवतो. पैशांपेक्षा वाईट गोष्ट पाण्यात होते. मासे विषारी अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून सोडतात. तो नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटून वाढतात. ही वस्ती बसायला सुरुवातीला काही आठवडे लागतात. आणि वस्ती बसली न बसली तोच कंपनी सांगते, ती चौकट कचऱ्यात टाका! ज्यांच्याकडे दाणे खाणारे चार छोटे मासे आहेत त्यांचं निभावतं, कारण घाण कमी असते आणि थोडे जिवाणू खड्यांतही असतात. पिरान्हाच्या पिल्लांचं तसं नाही. ती दिवसातून दोन-तीनदा प्रथिनांनी भरलेलं खाणं खातात, भराभर वाढतात आणि तेवढाच अमोनिया सोडतात. नवी कार्ट्रिज घातल्यावर दोन दिवसांनी अमोनियाची चाचणी केली की जो रंग पिवळा राहायला हवा तो हिरवा दिसायचा. पिल्लं वरच्या कोपऱ्यात जमायची, कल्ले जोरजोरात हलायचे.

कार्ट्रिज न बदलता टँकच्याच पाण्यात हलकेच धुवून पुन्हा वापरायची हा उपाय आहे, पण तो पातळ थर दोन-तीन धुण्यांत चौकटीपासून सुटतो. मग त्या जागी साधा स्पंज कापून बसवला. बसतो, चांगला बसतो. पण केंद्रावर तोही गुन्हा ठरला. "ओरिजनल कार्ट्रिज नसेल तर वॉरंटी लागू नाही." फिल्टर विकणाऱ्यांनी तिथे धुता येईल असा जाड स्पंज सुरुवातीपासूनच द्यायला हवा. तो तयार करायला कार्ट्रिजपेक्षा महाग पडत असेल असं मला वाटत नाही. फक्त मग दर महिन्याची विक्री होणार नाही.

पहिली मोटर केंद्रात अडकलेली असताना तात्पुरता म्हणून स्पंज फिल्टर आणला. साधा एअर पंप, नळी, खाली वजन असलेला प्लॅस्टिकचा पाया आणि त्यावर सच्छिद्र स्पंज. नळीतून हवा आत जाते, बुडबुडे वर चढताना पाणी ओढतात आणि ते पाणी स्पंजमधून गाळून येतं. बुडबुड्यांनी पाण्याला हालचाल मिळते, ऑक्सिजन मिळतो. एवढंच यंत्र आहे, आणि त्याने मला खरोखर चकित केलं. जुना कापलेला स्पंज मी त्याच्या शेजारीच टँकमध्ये ठेवला होता, त्यामुळे जिवाणू नव्यावर लवकर बसले. त्यानंतर अमोनियाच्या चाचणीत पिवळ्याशिवाय दुसरा रंग दिसलेला नाही. टांगता फिल्टर कर्ज काढून घेतल्यासारखा दिसायचा, आणि काम केलं ते या कोपऱ्यातल्या स्पंजने.

देखभाल सांगते, कारण बहुतेक जण इथेच तो वाया घालवतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना सायफनने काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज त्यात बुडवून तीन-चारदा पिळायचा. चहाच्या रंगाचं दाट पाणी निघतं, ते झाडांना घालता येतं. अगदी स्वच्छ होईपर्यंत पिळायचा नाही, तपकिरी झाक राहिली पाहिजे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. वर्षानुवर्षं तोच स्पंज चालतो. हवेच्या नळीत एकदिशा झडप मात्र हवीच, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी उलट नळीतून पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवला तर आणखी बरं. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप त्याच नळीला जोडता येतो. ही सोय टांगत्या फिल्टरला नाही.

पिल्लांनी स्पंजला चावे घेतले आहेत. कडेला अर्धचंद्राच्या आकाराच्या खाचा आहेत, कात्रीने कापल्यासारख्या साफ. दात किती तीक्ष्ण आहेत ते त्यावरून कळतं. काम त्याने अडत नाही. पिल्लं जाळीत पकडायचा प्रयत्न करू नका, दात जाळीत अडकतात किंवा जाळीच फाटते. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात हाकलायचं.

आता पिल्लांबद्दल, पैसे वाचवण्याच्या बाजूने. घेताना शास्त्रीय नाव विचारा, पायगोसेन्ट्रस नॅटेरेरी. पाकू या पिरान्हाच्या नात्यातल्या माशाची पिल्लं रंगरूपाने जवळपास अशीच दिसतात आणि पिरान्हा म्हणून विकली जातात. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात, पिरान्हाचे त्रिकोणी आणि एका ओळीत. पाकू पिरान्हापेक्षा कितीतरी मोठा होतो, त्यामुळे स्वस्तात मिळाला म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. शिवाय कित्येक देशांत आणि अमेरिकेतल्या टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत पिरान्हा पाळायला बंदी आहे. आपल्याकडचा नियम विचारूनच पुढचं पाऊल टाका.

एकटा किंवा दोन घेऊन पैसे वाचतात असं वाटतं. वाचत नाहीत. हेल्डर केइरोझ आणि अ‍ॅन मॅगुरन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २, ४ आणि ८ च्या गटांतले पिरान्हा तपासले होते. ८ च्या गटातल्या माशांचा श्वासाचा वेग २ च्या गटातल्यांपेक्षा कमी होता, म्हणजे ते जास्त निवांत होते. कळपाने राहणं हे शिकारीसाठी कमी आणि मगरीच्या जातीतले केमन, पाणपक्षी यांच्यापासून बचावासाठी जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. घरीही तेच दिसतं. घाबरलेलं पिल्लू खात नाही, न खाल्लेलं खाणं सडतं, सडलेल्याचा भार पुन्हा फिल्टरवर. म्हणून उजेड मंद ठेवते आणि वर तरंगणारी वनस्पती सोडली आहे, जी सावलीही देते आणि नायट्रेटही शोषते. लख्ख दिव्याचा खर्च पूर्ण वाचला.

खाण्यात जिवंत मासे सोडण्याचा हट्ट लोकांना का असतो ते मला समजत नाही. ते सगळ्यात महाग पडतात, सोबत पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आणतात, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं. मी कोळंबी आणि पांढऱ्या मांसाच्या माशाचे बारीक तुकडे पातळ थर करून गोठवते, हवा तेवढा तुकडा मोडून घेते. अधूनमधून गांडुळं. सोबत बुडणाऱ्या गोळ्यांची सवय लावली. सुरुवातीला तोंडात घेऊन थुंकत होती. भूक लागलेली असताना आधी गोळ्या आणि मग कोळंबी असा क्रम ठेवल्यावर खायला लागली. उरलेलं पंधरा मिनिटांत काढायचं. लहान वयात मात्र उपाशी ठेवून काटकसर करू नये. भुकेली पिल्लं आधी एकमेकांचे पर कुरतडतात आणि मग दुबळ्या भावंडावर तुटून पडतात. पर पुन्हा उगवतात, डोळा उगवत नाही.

हीटर २६ अंशांवर ठेवला आहे. जास्त गरम केलं तर भूक वाढते, घाण वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. हीटरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा, आणि हीटरवर जाळीचं आवरण घाला.

इथपर्यंत लिहून काही आठवडे बाजूला ठेवलं होतं. दरम्यान पिल्लं आणखी वाढली आणि स्पंजबद्दलचं माझं मत थोडं बदललं आहे. अमोनियाचं काम तो अजूनही चोख करतो. पण मोठ्या तोंडाने तुकडे फाडून खाताना जे कण उडतात ते उचलायला बुडबुड्यांची ओढ पुरत नाही. ते तळाशी कोपऱ्यात साचतात. पूर्वी आठवड्यातून एकदा पिळलेला स्पंज पुरायचा, आता मधेच तुंबतो आणि बुडबुडे जाड, आळशी होतात. म्हणून दुसरा मोठा स्पंज विरुद्ध कोपऱ्यात लावला, तळाचे खडे काढून टाकले आणि खाणं झालं की लगेच सायफन फिरवते. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) खाली ठेवायला आठवड्याला एक-तृतीयांश पाणी बदलावं लागतं, क्लोरीन काढून. तळहाताएवढ्या पिल्लांपर्यंत स्पंज उत्तम. त्यापुढे जोडीला कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, लागणार, हे आता मान्य आहे. टांगता नाही, कॅनिस्टर.

एअर पंपाचाही आवाज मध्ये बदलला, गुरगुर वाढली आणि हवा कमी झाली. उघडून पाहिलं तर आतला रबराचा पडदा एका कडेला फाटला होता. छोटी वाटीसारखी वस्तू, चुंबक लावलेल्या दांडीला अडकवलेली. सुटी मिळते, स्क्रूड्रायव्हरने घरी बदलता येते, आणि त्यासाठी कुणाशी वॉरंटीवरून भांडावं लागत नाही. पंप घेताना हा पडदा सुटा मिळतो का एवढं विचारून ठेवा.

पूर्ण वाढलेले सहा मासे या टँकमध्ये राहू शकत नाहीत. घरच्या टँकमध्येही ते २० सेंटीमीटरच्या पुढे जातात आणि त्यांना ४०० लिटरपेक्षा जास्त पाणी हवं. ती जागा आणि तो खर्च आधीच डोळ्यांसमोर नसेल तर पिल्लं घेऊ नयेत, कारण मोठा पिरान्हा घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही आणि नदी-तलावात सोडणं म्हणजे तिथल्या जिवांवर संकट. मी वापरलेला मोठा टँक शोधते आहे. घेण्याआधी तो सपाट जागी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवायचा, सिलिकॉनच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून ओल तपासायची. नव्या कॅनिस्टरच्या आत जाणाऱ्या नळीच्या तोंडावर याच जुन्या स्पंजांपैकी एक बसवणार आहे, म्हणजे जिवाणूंची वस्ती सोबत जाईल आणि कोळंबीचे कण मोटरपर्यंत पोचणार नाहीत. दुसरा स्पंज एअर पंपावरच राहील, वीज गेल्यावर चालायला.