अर्नेस्ट लफची तबकडी: आठ महिने ऐकल्यानंतर

मागच्या ऑगस्टमध्ये क्रॉयडनजवळच्या एका कार बूट सेलमध्ये एक पाउंड देऊन एक तबकडी उचलली. (लोक गाडीच्या डिकीतून घरची अडगळ विकतात, आपल्या जुन्या बाजारासारखंच.) बारा इंची, ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी), जांभळट लेबलवर कर्ण्यापाशी बसलेला कुत्रा, नंबर सी १३२९. गाणाऱ्याचं नाव ‘मास्टर ई. लफ’. विकणारे आजोबा म्हणाले, “ही आमच्या आईकडे होती. सगळ्यांच्याच आईकडे होती.” तेवढ्यावर घेतली. त्यानंतर त्याच नंबरची आणखी एक प्रत, तीन सीडी आणि एक नवी सुई एवढा खर्च झालाय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी नावाचं. स्पेलिंग बघून मी दोन महिने ‘लो’ म्हणत होते, ते ‘लफ’ आहे. आणि ‘मास्टर’ वाचून गंमत वाटली, कारण मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव ही नावं ऐकतच आम्ही वाढलो. इथे मास्टर म्हणजे मिसरूड न फुटलेला मुलगा. आपल्याकडेही ही उपाधी पोरवयातच चिकटायची, फक्त नंतर ती कुणी काढून घेतली नाही.

अर्नेस्ट लफ लंडनच्या टेम्पल चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गायचा. १५ मार्च १९२७ला, पंधरा वर्षांचा असताना, त्याने जर्मन संगीतकार मेंडेलसोनचं ‘हिअर माय प्रेअर’ रेकॉर्ड केलं. ऑर्गनवर जॉर्ज थॅल्बेन-बॉल, आणि कॉयरही त्यांच्याच हाताखाली. एचएमव्हीचं फिरतं रेकॉर्डिंग युनिट तेव्हा नुकतंच निघालं होतं, म्हणजे यंत्रं गाडीत आणि माइक चर्चमध्ये. तीन वर्षं आधी हे जमलंच नसतं. १९२५मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत कर्ण्यासमोर उभं राहून गावं लागे, आणि कर्ण्याला ना ऑर्गन पेलायचा ना पोराचा पातळ आवाज. कर्ण्याच्या काळातली मुलांची काही गाणी माझ्या एका सीडीवर आहेत. इतिहास म्हणून एकदा ऐकावीत आणि सोडून द्यावीत.

रेकॉर्ड इतकी खपली की वर्षभरात मूळ साचाच झिजला. मग १९२८मध्ये त्याच मुलाकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं, नंबर मात्र तोच ठेवला. टेम्पल चर्चमध्ये त्याला ऐकायला एवढी गर्दी व्हायला लागली की पास काढावे लागले. मुलगा वारला अशा अफवाही उठल्या. प्रत्यक्षात आवाज फुटल्यावर तो बॅरिटोन (मध्यम पट्टीचा पुरुषी आवाज) म्हणून त्याच कॉयरमध्ये गात राहिला, जाहिरात कंपनीत नोकरी केली, १९६२मध्ये दहा लाख प्रतींबद्दल सोन्याची तबकडी घेतली आणि २०००मध्ये, ८८ वर्षांचा होऊन, गेला.

आता वापराबद्दल. पहिली प्रत मी स्वतःच्या हाताने खराब केली. ती धुळकट होती, म्हणून कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसली. दोन मिनिटांत बोळा काळा, मला वाटलं काय मळ निघतोय! मळ नव्हता, तबकडीच निघत होती. या जुन्या तबकड्या लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या सांगलीच्या घरी सुतार यायचे तेव्हा बाटलीत लाखदाणा आणि स्पिरिट घालून पॉलिशसाठी रात्रभर भिजत ठेवायचे, ते मी लहानपणी ओट्यावर बसून बघितलंय. वर मी फार्मसिस्ट, कशात काय विरघळतं हीच माझी रोजीरोटी. ती लाखही बहुधा आपल्याकडचीच, कारण त्या काळी जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थान. असो. कोमट पाण्यात थेंबभर भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच टिपायचं. एवढंच करा.

दुसरी प्रत ऑनलाइन मागवली. विकणाऱ्याने साध्या पातळ पाकिटात घालून पाठवली, त्यामुळे कडेला केसाएवढी चीर घेऊनच आली. वाजते, पण सुरुवातीला प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ होतं, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा. पहिल्या आठवड्यात वैताग आला. आता त्या टक्‌टक्‌ची लय संपली की गाणं येतं, हे कानाला पाठ झालंय.

सुईबद्दल निक्षून सांगते. एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका. एलपीची सुई टोकाला फार बारीक असते, ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसता तळल्यासारखा आवाज येतो. ७८ची वेगळी सुई मिळते, टोकाला साधारण ७५ मायक्रॉनची. ती बसवली त्या रात्री आमचे हे स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाले, “दुसरी रेकॉर्ड आणलीस?” दुसरी खटपट सुराची. हे गाणं जी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपली पांढरी पाच. मी फोनवर तानपुरा लावून पाहिलं तर माझ्या टर्नटेबलवर सूर चढा लागत होता. पिच कंट्रोलने जरा उतरवला आणि पोराच्या आवाजातला चिमटा गेला. त्या जुन्या ऑर्गनचा सूर आजच्या जीशी तंतोतंत जुळत असेलच असं नाही, पण कानाला हे पटतं.

ऐकू काय येतं? मी दुसरी बाजूच जास्त लावते, म्हणजे त्याच गाण्याचा शेवटचा भाग, ‘ओ फॉर द विंग्ज ऑफ अ डव्ह’. पंचावन्नाव्या स्तोत्रातली कल्पना आहे: कबुतराचे पंख असते तर उडून दूर रानात गेलो असतो. पोरगा हे अजिबात रडवेलं करून म्हणत नाही. आवाज सरळ, कंप जवळजवळ नाहीच, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हलकीशी मींड. आजच्या इंग्लिश कॉयरमधली मुलं सहसा इतकी मींड घेत नाहीत, त्यांचे सूर कात्रीने कापल्यासारखे सुटे असतात. मला विचाराल तर ती मींडच या तबकडीचा जीव आहे. आणि हे सगळं एका दमात रेकॉर्ड झालेलं. तेव्हा मेणावर कोरायचे, आणि मेण वाजवून बघितलं तर ते बिघडायचं. चुकलं तर पूर्ण बाजू पुन्हा. चार मिनिटं पोराच्या एकट्याच्या जबाबदारीवर!

सीडींचं मात्र जपून. तीनपैकी एका सीडीवर खरखर इतकी साफ केलीय की लफ एखाद्या बंद कपाटात गातोय असं वाटतं. ‘स’चे उच्चार बोबडे झालेत, आणि ओळ संपल्यावर चर्चमध्ये जो सूर फिरून विरतो तो कापला गेलाय. दुसरीवर खरखर ठेवलीय. मी तीच वाजवते. याचं कारण मला जानेवारीत कळलं.

सुट्टीच्या दिवशी टेम्पल चर्च बघायला गेले. फ्लीट स्ट्रीटवरून एका गल्लीत शिरलं की वकिलांच्या कचेऱ्यांच्या मधोमध ते गोल चर्च आहे, ११८५ला प्रतिष्ठा झालेलं, जमिनीवर दगडी सरदार आडवे पडलेले. १० मे १९४१च्या रात्री बॉम्बहल्ल्यात छप्पर आणि आतलं लाकूडकाम जळालं. ऑर्गनही गेला, ज्याचा इतिहास १६८०च्या दशकात फादर स्मिथ या कारागिराने बनवलेल्या ऑर्गनपर्यंत मागे जात होता. आजचा ऑर्गन स्कॉटलंडमधल्या एका उमरावाच्या बॉलरूममधून आणलेला. म्हणजे तबकडीवर जो घुमारा आहे तो आज त्या जागी उभं राहूनही ऐकता येत नाही. तोच घुमारा कुणी सॉफ्टवेअरने ‘आवाज’ समजून पुसला, तर उरलं काय?

बाकीच्या मुलांबद्दल थोडक्यात. सीडींवर बेलफास्टचा बिली नीली, महायुद्धाच्या काळातला डेरेक बार्शम, लफनंतर टेम्पलमध्येच गायलेला डेनिस बार्थेल असे बरेच आहेत. बार्शमचा आवाज दणदणीत, तो मला आवडला. पण निम्मी गाणी व्हिक्टोरियन दिवाणखान्यातली, आई, देवदूत आणि स्वर्ग यांनी ओथंबलेली. सलग चार ऐकली की पाकात बुडवलेल्या बालुशाह्या खाल्ल्यासारखं होतं. रोज एक, जास्तीत जास्त दोन.

१९६३चं रॉय गुडमनने गायलेलं ‘मिझेरेरे’ (आल्लेग्री या जुन्या इटालियन संगीतकाराचं स्तोत्रगीत) मात्र स्वतंत्र घ्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा कॉयर, डेव्हिड विलकॉक्स यांच्या हाताखाली. गुडमन बारा वर्षांचा, आणि सांगतात की रग्बी खेळून गुडघ्यांवर चिखल असतानाच तो थेट रेकॉर्डिंगला आला. तो वरचा सी तो असा लावतो की जणू तिथेच राहतो. स्वच्छता हवी असेल तर हेच ऐका, इथे ती खरीच आहे.

आलेस्सान्द्रो मोरेस्कीलाही काही लोक याच यादीत घालतात. ते चूक आहे. तो मुलगा नव्हता, व्हॅटिकनच्या कॉयरमधला कास्त्रातो होता, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक. त्याचं रेकॉर्डिंग ग्रामोफोन कंपनीने १९०२मध्ये केलं, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीने कलकत्त्यात गौहरजानचं. दोन्ही एकामागून एक लावून बघा, डोकं चक्रावतं.

आपल्याकडची तुलना सुचते ती कुमार गंधर्वांच्या लहानपणच्या तबकड्यांची. तिथे पोर राग मांडतं, मोठ्यांसारखं. लफ मोठ्यांसारखं गायचा प्रयत्नच करत नाही. नाटक कंपन्यांना पोराचा आवाज फुटण्याची जी धास्ती असायची, तीच इथल्या कॉयरमास्टरांनाही असणार. पंधराव्या वर्षी मार्चमध्ये सापडलेला आवाज उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची हमी कोण देणार?

घ्यायची का? टर्नटेबलला ७८चा वेग असेल तर जरूर. ही तबकडी इतकी खपलीय की पाउंड-दोन पाउंडांना कुठेही मिळते, जास्त देऊ नका. एकच अडचण: तुमच्या हातातली प्रत १९२७ची की १९२८ची, हे नंबरावरून कळत नाही. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीतले बारीक कोरलेले आकडे भिंगाखाली बघावे लागतात. परवाच्या रविवारी त्याच आजोबांकडे तिसरी प्रत दिसली, आकडे माझ्या चीर गेलेल्या प्रतीपेक्षा वेगळे. घेतली. या वेळी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून, मांडीवर धरून घरी आणली. अजून लावलेली नाही, आधी धुवायची आहे.