सोलापुरी टॉवेलचं पानिपत: गिनीपिगच्या घरच्या पिंजऱ्याचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या रविवारी पहाटे साडेचारला हॉलमध्ये धाडदिशी आवाज झाला. दिवा लावला तर पिंजऱ्याची पुढची जाळी आडवी, आणि आमचा भाकरी सोफ्याखाली बसून चार्जरची वायर चाखतोय. (भाकरी नर आहे. नाव असं का, ते पुढे कळेल.) बटण बंद होतं म्हणून निभावलं. जाळ्या एकमेकींना धरणारे प्लास्टिकचे कनेक्टर सोलापूरचा एक उन्हाळा खाऊन पापडासारखे झाले होते, बोटाने दाबला की कट्. सकाळी इलेक्ट्रिकच्या दुकानातून केबल टायचं शंभराचं पाकीट आणलं, प्रत्येक सांध्याला तीन-तीन टाय आवळले, उरलेल्या शेपट्या कापून टोकं बाहेर वळवली. खर्च ९० रुपये. ऑक्टोबरातच केलं असतं तर झोपमोड वाचली असती, पण तेव्हा मला कनेक्टर रॅकबरोबर फुकट मिळाल्याचंच कौतुक होतं.

सांगाड्याबद्दल माझी एवढीच तक्रार, ती मिटली. खरं भांडण आहे ते तळाशी, म्हणजे अंथरुणाशी. तिकडे यायच्या आधी सांगाडा उरकतो.

बाजारात ‘गिनीपिग केज’ म्हणून जो दोन फुटी पिंजरा मिळतो त्याला खाली तारेची जाळी असते, लेंड्या ट्रेमध्ये पडाव्यात म्हणून. झाडणाऱ्याची सोय आणि जनावराला शिक्षा. यांचे तळपाय बिनकेसाचे, मऊ. तारेवर उभं राहून फोड येतात आणि चिघळले तर दुखणं हाडापर्यंत जातं. दोघांना किमान साडेसात चौरस फूट लागतात, दहाच्या वर असेल तर उत्तम, आणि तेही एकाच पातळीवर. हे चढणारं जनावर नाही, पळणारं आहे. मजले काढून चौरस फूट वाढवू नका.

आमच्याकडे चौदा इंची जाळ्यांचा चपलांचा रॅक माळ्यावर पडून होता. लांबीला चार, रुंदीला दोन, म्हणजे आत ५६ बाय २८ इंच, जवळपास ११ चौरस फूट. भिंतींना बारा जाळ्या, झाकणाला आठ. गिनीपिग चौदा इंची भिंत ओलांडत नाहीत, झाकण आहे ते शेजारच्या बोक्यासाठी. जाळीची भोकं दीड इंचाच्या वर नकोत, डोकं अडकतं. तळाला सनपॅक, म्हणजे फ्लेक्सच्या बोर्डाचा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा. फ्लेक्सवाल्याकडे जुना सहा बाय चार फुटांचा बोर्ड दीडशेला मिळाला, कुठल्या तरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. ६८ बाय ४० इंच कापला, चारही बाजूंनी सहा इंचांवर ब्लेडने अर्धवट चीर दिली (आरपार नाही), कोपरे दुमडले आणि बाहेरून टेप लावली. छापील बाजू खाली. शुभेच्छुकांची नावं अजून जमिनीकडे तोंड करून आहेत.

आता अंथरूण.

आधी सुताराकडचा फुकटचा भुसा टाकला. दुसऱ्या दिवशी दोघं शिंकायला लागले. बारीक धूळ नाकात जाते, शिवाय देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडातलं तेल यांच्या श्वासाला बाधतं. भुसा कचऱ्यात. मग वाटलं, आपण राहतो कुठे? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा सेकंडचा माल किलोवर मिळतो. चार किलो आणले, तीन पदरी अंथरले आणि शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकून ‘सोलापूरकराला गादी विकत घ्यावी लागत नाही’ असंही लिहिलं. पहिले दीड महिने मी या टॉवेलला पाचपैकी पाच दिले असते. शोषण उत्तम, वास कमी.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी चटणी (आमची मादी, तपकिरी) किंचाळली. यांची रोजची कुई-कुई वेगळी. कोथिंबिरीची पिशवी वाजली की पाचव्या सेकंदाला सुरू होते. पेरूकडे, जिथलं हे जनावर मूळचं, याला ‘कुई’च म्हणतात. हा आवाज तसा नव्हता. मागच्या पायाचं नख टॉवेलच्या फासात अडकलं होतं, आणि ओढून ओढून तिने दोऱ्याचा पीळ बोटाभोवती आवळून घेतला होता. टेरी टॉवेल म्हणजे हजारो छोटे फासच की! आयुष्यभर अंग पुसलं, पण हे कधी लक्षात आलं नाही. बायकोने भिंग धरलं, मी शिलाईच्या कात्रीने एकेक धागा कापला. नख अर्धं उचकटलेलं, थेंबभर रक्त आणि बोट जांभळं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. त्यांनी नख पाहिलं, मग सवयीने दोघांनाही उलटं करून तपासलं, आणि म्हणाले, “काय ओ साहेब, ही दुसरी बहीण नाही, भाऊ आहे. आणि हिच्या पोटात पिल्लं आहेत.”

दुकानात मी दोनदा विचारलं होतं. “दोन्ही मादीच हाय की ओ, काळजीच सोडा,” असं उत्तर मिळालं होतं. म्हणून एकीचं नाव चटणी, दुसरीचं भाकरी. माझी चूक एवढीच की मी स्वतः उलटं करून पाहिलं नाही. मादीचं अंग इंग्रजी वायसारखं दिसतं. नराचं आयसारखं, वर टिंब धरून, आणि हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. दोन मिनिटांचं काम. मादी चौथ्या-पाचव्या आठवड्यातच गाभण राहू शकते, त्यामुळे ‘अजून लहान आहेत, कळत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य ऐकलं की पैसे खिशात परत ठेवावेत.

मी भांडायला गेलो. “तोटा कुठाय साहेब? दोनाचे पाच होतील. आणून द्या, नगाला शंभर देतो.” म्हणजे माझीच पिल्लं शंभराला घेऊन पुढच्या गिऱ्हाईकाला सहाशेला, तीही ‘दोन्ही मादी’ सांगून. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती दाखवा म्हणालो तर मालक अचानक फोनवर बोलायला लागले. हे खरेदीच्या दिवशी विचारायला हवं होतं, भांडणाच्या दिवशी विचारून काय उपयोग.

माझा सल्ला विचाराल तर दुकानाआधी घरं शोधा. ज्यांच्याकडे माझ्यासारखी फजिती होऊन पिल्लं झाली आहेत असे लोक भेटतातच, आणि ते आई-बाप दाखवतात, वय खरं सांगतात. घ्यायची ती जोडीच, दोन माद्या किंवा एकत्र वाढलेले दोन नर. एकटं गिनीपिग कोमेजतं. स्वित्झर्लंडमध्ये एकटं ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. डोळे, नाक कोरडं आहे ना, शेपटीच्या जागी घाण चिकटलेली नाही ना, अंगावर गोल टक्कल नाही ना, कानाशी धरलं तर श्वासाची घरघर नाही ना, एवढं बघून घ्या. घरी आधीचे असतील तर नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. आणि पाच ते आठ वर्षं जगतात, तेव्हा मुलीच्या सातवीत आणलेलं जनावर तिच्या कॉलेजात तुम्हाला सांभाळायचं आहे.

डॉक्टरांनी भाकरीला त्याच दिवशी वेगळं करायला लावलं, कारण मादी व्याली की काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. मधे जाळ्यांची भिंत घातली. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) अक्षता सोहळ्याला आम्ही सगळे संमती कट्ट्यावर गेलो होतो. परत येऊन पाहतो तर तीन पिल्लं, अंगावर केस, डोळे उघडे, आईच्या मागे पळतायत. मुलगी नाचली. मी मनात जाळ्या मोजल्या. तीन आठवड्यांनी त्यातला एक नर, दाणा, बापाकडे गेला. आज चटणी आणि दोन लेकी मोठ्या पिंजऱ्यात, भाकरी आणि दाणा दुसऱ्यात. पाच! नराच्या ऑपरेशनबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “हे मी करत नाही, पुण्यात विचारा.” तिकडच्या खर्चात तिसरा पिंजरा होतो.

टॉवेलकडे परत. फास नको म्हणून सोलापुरी चादर टाकून पाहिली. चादरीने लघवी धरून ठेवली, वरचा भाग ओलाच, आणि दाण्याने नक्षीचा मोर कुरतडला. शेवटी शरण गेलो पोलर फ्लीसला, म्हणजे एसी ब्लँकेट म्हणून रस्त्यावर १८० ला मिळतं ते. लेबल बघितलं, माल पानिपतचा. अर्धी वाटी पाण्याने परीक्षा घेतली. आधी पाणी फ्लीसवर पाऱ्यासारखं गोल बसलं, तेव्हा मी खूश झालो. पण कंडिशनर न घालता तीनदा धुतल्यावर तेच पाणी खाली उतरलं आणि वरून हात फिरवला तर कोरडा. तेव्हापासून वर फ्लीस, खाली दोन पदर टॉवेल. टॉवेलला माझ्याकडून आता तीन. तळघरात बसून काम करतो, दिसत नाही, पण त्याच्याशिवाय चालत नाही.

धुण्याचा हिशेब मात्र कोणी सांगत नाही. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी. लायनर, म्हणजे फ्लीस आणि टॉवेलचं हे अंथरूण, तीन ते चार दिवसांनी बदलावाच लागतो, नाहीतर अमोनियाचा वास डोळ्यात जातो. एका लायनरला तीन बादल्या, पिंजरे दोन, म्हणजे पाण्याच्या दिवशी सहा बादल्या गिनीपिगच्या. आईने एकदा मोजून सांगितलं, “तुझ्या अंघोळीला दीड, त्यांना सहा.” फेब्रुवारीत वॉशिंग मशीन बंद पडलं. मेकॅनिकने ड्रेन पंपातून केसांचा बोळा काढला, “घोंगडी धुता का काय ओ?” असं विचारलं आणि साडेसहाशे घेतले, वॉरंटीत बसत नाही म्हणे. मी अर्धा तास वाद घातला, हरलो. आता आधी हातझाडूने केस आणि लेंड्या झाडायच्या, मग पांढरं व्हिनेगर घातलेल्या बादलीत तासभर भिजत ठेवायचं, मग मशीन. ते शेवटचं पाणी संडासात जातं, एवढी वसुली मी केलीच.

एक मत मात्र पूर्ण फिरवतो. हिवाळ्यात मी सगळ्यांना सांगत होतो की पिंजरा गॅलरीत ठेवा, हवा खेळती. एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर गेला आणि दुपारी भाकरी आडवा पडून भराभर श्वास घेताना दिसला, हनुवटी ओली. यांना १८ ते २४ अंश मानवतात, तिशीच्या पुढे धोका. त्याच दुपारी दोन्ही पिंजरे आतल्या खोलीत आणले. कूलर चालू, पण वारा थेट अंगावर नाही. प्रत्येक पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर बर्फ केलेली पाण्याची बाटली, आणि बाटलीभोवती टॉवेल! फासांवर पातळ कापड शिवून टाकलं होतं. पाचही जण आपापल्या बाटलीला टेकून झोपायचे. टॉवेलला साडेतीन करा.

खाण्याचं थोडक्यात. गवत अमर्याद, दात आयुष्यभर वाढतात आणि गवतच ते झिजवतं. मी स्वस्त म्हणून लसूणघास रोज दिला. महिन्याभरात लघवीचा डाग वाळला की खडूची भुकटी दिसायची. त्यात कॅल्शियम फार, तो गाभणीला आणि पिल्लांनाच. मोठ्यांना बांधावरचं वाळलेलं मारवेल गवत आणतो. कोवळी ज्वारी चुकूनही नको, गुरांना बाधते हे इथे शेतकऱ्याला शिकवायला नको. सी जीवनसत्त्व यांच्या शरीरात बनत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची, कधी पेरूची फोड. पाण्यात टाकायचे थेंब दुकानदाराने दिले होते, ते पाण्यात टिकत नाहीत. १४० रुपये वाया. आणि कुठल्याही आजाराला डॉक्टरांना आधी ‘गिनीपिग आहे’ हे ओरडून सांगा, पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन यांचा जीव घेऊ शकतं.

हिशेब: जनावरं १,२०० ला जोडी. पिंजरे दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. फ्लीस, व्हिनेगर, मेकॅनिक आणि डॉक्टर धरून साडेपाच हजारांच्या पुढे, आणि तो आकडा थांबलेला नाही.

आता सनपॅकचा एक कोपरा दाण्याने कुरतडून पार केलाय, तळ बदलावा लागेल. परवा फ्लेक्सवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, “थांबा की ओ, आचारसंहिता लागली की ढीग येतोय. हवा तो नेता उचला.” सहा बाय चारचे दोन बाजूला ठेवायला सांगून आलोय.