आडव्या ‘दोन’नं मला आडवं पाडलं

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली अकरा वर्षं अमेरिकेतल्या जुन्या नॅशनल बँकांच्या नोटा जमवतो. खिसा बेताचा, त्यामुळे वर्षाला दोन-तीनच. खरं वेड नोटेपेक्षा बँकेचं. 1863च्या कायद्यानं गावोगावच्या बँकांना सरकारी रोखे ट्रेझरीत ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढता येऊ लागल्या, रोख्यांच्या 90 टक्क्यांपर्यंत. पुढे 1935पर्यंत हा प्रकार चालला. नोटेवर गावाचं नाव, खाली कॅशियरची आणि अध्यक्षाची सही, तीही सुरुवातीला हातानं केलेली. आपल्या पतपेढीच्या चेअरमनची सही असलेली नोट बाजारात चालतेय अशी कल्पना करा!

यात सगळ्यांचा जीव अडकतो तो पहिल्या मालिकेतल्या दोन डॉलरच्या नोटेत. तिच्यावरचा 2 चक्क आडवा पडलाय, म्हणून तिला ‘लेझी ड्यूस’, म्हणजे आळशी दुरी, म्हणतात. एका कागदावर एकच्या तीन आणि दोनची एकच नोट छापत, आणि 1879पासून पाच डॉलरखालच्या नोटा काढणंच बंद झालं. त्यामुळे ती दुर्मीळ.

एका प्रदर्शनात मला ती दिसली. पेनसिल्व्हेनियातल्या खाणपट्ट्यातली बँक. नाव देत नाही, कारण तिच्या इतक्या कमी नोटा उरल्यात की विकणारा लगेच ओळखू येईल. माणूस गोड बोलणारा. त्यानं नोटेबरोबर चार पानांची फाइल पुढे केली: बँक कधी निघाली, चार्टर क्रमांक (सरकारी परवान्याचा नंबर), कोणत्या साली अध्यक्ष कोण, इमारतीचा फोटोसुद्धा. मी नोटेआधी फाइल वाचली. तिथंच फसलो.

नोट साध्या पाकिटात होती. “अगदी मूळ आहे, कुणी हात लावलेला नाही,” म्हणाला. किंमत 2,600 डॉलर. अॅपवरून मित्राला पाठवतात तसे पाठवले तर 2,350. मी तिथल्या तिथे पाठवले. बायको म्हणाली, “अहो, पावती?” मी तिलाच गप्प केलं.

पाच आठवड्यांनी बँकेची माहिती वहीत उतरवायला बसलो. चलन नियंत्रक म्हणजे या बँकांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी; त्याच्या जुन्या वार्षिक अहवालांत प्रत्येक बँकेच्या अध्यक्षाचं आणि कॅशियरचं नाव असतं. फाइलशी ताडून पाहिलं, एकूण एक नाव बरोबर! आनंदात आणखी खोल शिरलो. या नोटांवर दोन क्रमांक असतात, एक ट्रेझरीचा आणि एक बँकेचा. ते घेऊन जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळले. चार वर्षांपूर्वीच्या एकात तीच नोट सापडली. दोन्ही क्रमांक तेच, फक्त खालचा उजवा कोपरा गायब, नखाएवढा, अध्यक्षाच्या सहीचं शेपूट घेऊन गेलेला. नोटा तपासून दर्जा देणाऱ्या प्रतवारी कंपनीच्या बंद पाकिटात, ‘कोपरा नाही’ अशा शेऱ्यासकट. विकली गेली होती 700 डॉलरला.

माझ्या नोटेला मात्र कोपरा होता. दिवे घालवून तिच्यावर यूव्ही टॉर्च मारला. सगळी नोट मंद, मळकट आणि तो कोपरा निळसर पांढरा, धुतलेल्या सदऱ्यासारखा. हल्लीचा कागद असाच चमकतो. भिंगातून पाहिलं तर सहीची जुनी शाई तपकिरी होऊन धाग्यांत मुरलेली, आणि शेवटच्या दोन अक्षरांची शाई वर बसलेली, काळी कुळकुळीत. चौकटीची एक रेघ जोडाच्या ठिकाणी जरा जाड झाली होती. कारागीर हुशार, हे मानायलाच हवं.

नोट जोडणं हा गुन्हा नाही, अनेक चांगल्या नोटा जोडलेल्या असतात. पण शेरा असलेलं पाकीट कापून ती बाहेर काढली होती, आणि दोन हजारांवरची नोट उघडी का, हे मी विचारलंच नव्हतं. इतिहास शंभर टक्के खरा होता. सरकारी अहवालांतून फुकट मिळणारा.

फोन केला. “तुम्ही हातात घेऊन पाहिली होतीत, परतीची मुदत सात दिवसांची,” एवढं बोलून त्यानं ठेवला. अॅपवाल्यांनी सांगितलं, मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं. कार्डानं दिले असते तर निदान तक्रार तरी करता आली असती. ती अडीचशेची सूट मला पुरती महागात पडली.

नोट माझ्याकडेच आहे. पाकिटात चिठ्ठी घातलीय, ‘कोपरा जोडलेला, सहीचं शेपूट नवं’. माझ्यामागे मुलगी हे सगळं विकायला काढेल तेव्हा तिला ते ठाऊक असायला हवं.